तळ्याकाठची टेस्ट ड्राइव्ह

माझ्या वहिनींना गाडी चालवायला देऊ नका, असा फोन मी मोटारीच्या एका शोरूमला केला होता. एका नव्हे, दोन शोरूमना. हे आधीच सांगून टाकतो. वहिनींबद्दल आदराने चार शब्द लिहायचे आणि एवढं मात्र पोटात ठेवायचं, हे मला जमणार नाही. फोनवर मी म्हणालो होतो, "मॅडमचं वय झालंय. त्या हट्ट धरतील, पण किल्ली देऊ नका. कंपनीचा नियम आहे म्हणून सांगा. माझं नाव मध्ये आणू नका." पलीकडचा माणूस इतक्या चटकन हो म्हणाला, की मला वाटलं, मी फोन केला नसता तरी त्याने बहुधा हेच केलं असतं. गेलं वर्षभर मी त्या 'बहुधा'च्या आडोशाला उभा राहून दिवस काढले.

वहिनी श्रावणात गेल्या. रविवार होता. सकाळी मला कोलकात्याबाहेरच्या बजबजहून शेफालीदींचा फोन आला. शेफालीदी म्हणजे वहिनींची बेहालाच्या शाळेतली सोबतीण. वहिनी भूगोल शिकवायच्या, त्या बंगाली. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी हिवाळा संपता संपता शेफालीदींना पक्षाघाताचा झटका आला आणि डावं अंग गेलं. तेव्हापासून दर रविवारी वहिनी बजबजला जायच्या आणि जमेल तसं त्यांना गाडीतून बाहेर न्यायच्या. फोनवर शेफालीदी एवढंच म्हणाल्या, "शालिनी एखोनो आशेनि." शालिनी अजून आली नाही. मी म्हणालो, येतील हो, रस्त्यात अडकल्या असतील. त्यावर त्या म्हणाल्या, "नहीं. तुम जाकर देखो." मी वहिनींच्या घरी गेलो. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. वहिनी अंथरुणातच होत्या, कुशीवर झोपलेल्या, एक हात गालाखाली... डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन कपांचा थर्मास धुऊन उपडा घातलेला होता.

आमचं घराणं कोलकात्यातलं तसं जुनं. आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि मग कुणी परत गेलंच नाही. दादा माझ्याहून बराच मोठा. वहिनी मिरजेहून लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, आणि बाहेर बंगाली, वर्गात इंग्रजी, मित्रांत हिंदी असल्यामुळे माझं मराठी म्हणजे नुसती खिचडी होती. ती वहिनींनी निवडून काढली. आज हे मराठीत लिहितो आहे तेही त्यांच्यामुळेच. मला त्या शेवटपर्यंत 'भाऊजी' म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दात मान किती आणि चिमटा किती, हे मला पन्नाशी उलटल्यावरही नीट कळलं नाही.

दादाचा एक नियम होता. गाडी बदलायची, कंपनी नाही. एकाच कंपनीच्या तीन गाड्या त्याने एकामागून एक घेतल्या आणि एकही आधी चालवून पाहिली नाही. याचा त्याला अभिमान होता. शोरूमचे मालक विजयादशमीनंतर मिठाईचा डबा घेऊन घरी यायचे, दादा फक्त रंग सांगायचा. "चालवून काय बघायचं? लग्नाआधी तुझ्या वहिनीला तरी कुठे चालवून पाहिलं होतं," असं तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. वहिनी आतून म्हणाल्या, "म्हणून तर फसलात." वहिनी पन्नाशीत गाडी शिकल्या. दादा म्हणाला होता, "कलकत्त्यात? तू?" वहिनींनी वाद घातला नाही. गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकल्या आणि एके दिवशी दादाच्या ताटाशेजारी लायसन्स ठेवलं. दादाने ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाला, "फोटो बरा आलाय." मी एका विमा कंपनीच्या एस्प्लनेडच्या कचेरीत मोटार अपघाताचे दावे तपासतो. दादाच्या गाड्यांचे दावे माझ्या टेबलावरून गेले आहेत. वहिनींचा एकही नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी तो फोन केला.

झालं असं. दादा गेल्यावर त्याची शेवटची गाडी वहिनीच चालवत होत्या. पण ती बुटकी. शेफालीदींना चाकांच्या खुर्चीतून उचलून त्या खोल सीटवर बसवायचं म्हणजे विहिरीत कळशी सोडावी तसं. एकदा दोघींचाही तोल गेला आणि दोघी बजबजच्या गल्लीत पडल्या. शेफालीदींचं कोपर सोललं. वहिनींच्या पाठीत उसण भरली, ती त्यांनी मला सांगितलीच नाही. भाड्याच्या टॅक्सीवाल्यांना खुर्ची दिसली की ते फोनच घ्यायचे नाहीत. मग वहिनींनी शिवणाची टेप घेऊन शेफालीदींच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं आणि मला सांगितलं, "भाऊजी, गाडी बदलायची. सीट एवढी उंच हवी. आणि मागे ही खुर्ची मावली पाहिजे. आपल्या कंपनीच्या सगळ्या पाहिल्या. नाही जमत."

मी म्हणालो, "पण दादाची कंपनी..."

"गाडी म्हणजे काही कुलदैवत नाही, भाऊजी. बदलता येतं."

जुन्या शोरूमचे मालक दुखावले. ते वहिनींना 'बौदि', म्हणजे वहिनीच, म्हणायचे. म्हणाले, "बौदि, घर की गाड़ी छोड़ देंगी? दादा होते तो..." वहिनी म्हणाल्या, "दादा होते तो शेफाली को उठाने में हाथ लगाते. आप लगाएँगे?" ते बिचारे हसले आणि चहा मागवला. बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "गंमत बघा. इतकी वर्षं यांच्याकडे गाड्या घेतल्या, पण मी चालवून बघू का म्हटलं तर म्हणतात, घरच्या माणसाला टेस्ट ड्राइव्ह कशाला."

घरच्यांना चालवून बघायची गरज नाही आणि परक्यांना चालवायला द्यायची भीती. एवढं मी पुढच्या दोन महिन्यांत शिकलो. त्या परक्यांमध्ये मीही एक निघालो, हे मात्र मी शिकलो नाही. ते मी केलं. माझा पुतण्या मेलबर्नला असतो. त्याने त्याच सुमारास मला सांगितलं, "काका, आईला आता नवीन गाडी देऊ नका. तुम्हीच बघा काहीतरी." एकोणसत्तर वर्षांची बाई, अनोळखी गाडी आणि बेहालाचा रस्ता... मी दिवसभर चेपलेल्या दारांचे आणि फुटलेल्या काचांचे फोटो बघणारा माणूस. मी घाबरलो. वहिनींना तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हणून दुसऱ्याच्या तोंडून नाही म्हणायची सोय केली.

पहिल्या शोरूममध्ये आम्ही टॅक्सीने गेलो, बरोबर शेफालीदींची घडीची खुर्ची घेऊन. खुर्ची पाहताच दोन पोरं धावत आली. वहिनींना हात धरून पायऱ्या चढवू लागली. वहिनी म्हणाल्या, "अरे, मुझे नहीं, खुर्ची को उठाओ." आत त्यांनी टेपने सीट मोजली, मागचं दार उघडून खुर्ची स्वतः आत सरकवली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली. गाडी त्यांच्या मनात भरली होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मॅनेजर म्हणाला, "मैडम, गाड़ी हमारा ड्राइवर चलाएगा. आप साइड में बैठके फील लीजिए ना."

"भैया, मैं बैंगन भी खुद दबा के लेती हूँ."

"कंपनी का रूल है, मैडम. सीनियर सिटिज़न को हम स्टीयरिंग नहीं देते."

"कहाँ लिखा है?"

तो माणूस माझ्याकडे बघू लागला. मी शेजारी मांडलेल्या गाडीचं चाक निरखू लागलो. वहिनींनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "लाइसेंस सरकार ने दिया है. सरकार को मेरी उमर मालूम है." मग खुर्चीची घडी करून त्या निघाल्या. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "भाऊजी, मी इतकी म्हातारी दिसते का हो?" मी म्हणालो, "छे, काहीतरीच." याहून खोटं वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं नसेल. खोटं त्या शब्दांत नव्हतं. ते शब्द मी म्हणत होतो यात होतं.

दुसऱ्या शोरूममध्येही तेच घडलं. त्यानंतर वहिनी मला न घेता जाऊ लागल्या. बस, मेट्रो, ऑटो, जे मिळेल त्याने, भर उन्हापावसात. रात्री फोनवर मला गमती सांगायच्या. एकाने गाडी पार्किंगच्या आतल्या आत गोल फिरवून दाखवली. "जत्रेतल्या पाळण्यासारखी," त्या म्हणाल्या, "उतरल्यावर फुगा तेवढा द्यायचा राहिला." एक जण म्हणाला, मिस्टरना घेऊन या. "म्हटलं, मी आणायला तयार आहे, बोलावणं तुम्ही पाठवा." मी हसायचो. आज वाटतं, त्या माझं मन रमवायला बोलत होत्या. स्वतः रोज एका नव्या दारातून परत येत होत्या आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या दारात उभ्या राहत होत्या. मला एवढे नकार मिळाले असते तर मी दुसऱ्याच दिवशी चालवून न बघता काहीतरी घेऊन मोकळा झालो असतो.

या सगळ्यामागे एक मुदत होती. शेफालीदी आणि वहिनी वर्षानुवर्षं दुर्गापूजेतल्या षष्ठीच्या दुपारी, गर्दी व्हायच्या आधी, बेहालातले मंडप बघत फिरायच्या. 'ठाकूर बघणं', म्हणजे देवीच्या मूर्ती बघणं, असं इथे म्हणतात. झटक्यानंतरचा तो पहिला पुजो. वहिनींनी शेफालीदींना शब्द दिला होता, यंदाही नेईन. गल्लीत पडल्यापासून शेफालीदी पाच महिने घराच्या खिडकीपलीकडे गेल्या नव्हत्या.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पहिलं शोरूम ज्या कंपनीचं होतं तिचंच, आणखी एक शोरूम होतं. तिथे सुतपा नावाच्या तिशीतल्या सेल्समनबाई होत्या. त्यांनी वहिनींना मावशी या अर्थाने 'माशिमा' म्हणत विचारलं, "माशिमा, रूट आप बताइए. गाड़ी मैं आपके घर ले आऊँगी." वहिनींनी मला फोन केला. "भाऊजी, शनिवारी या. मागच्या सीटवर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं." गाडी तीच होती. पहिल्या शोरूममध्ये मनात भरलेली.

त्या दिवशी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. वहिनी आधी चालवायला बसल्याच नाहीत. सुतपाला म्हणाल्या, तू चालव. स्वतः शेजारच्या सीटवर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. डावा हात मांडीवर निर्जीव टाकला होता. शेफालीदींसारखा. डायमंड हार्बर रोडवर, मेट्रोच्या खांबांखालून, ऑटोंच्या गर्दीतून गाडी चालली होती आणि वहिनी डोळे मिटून, एकाच हाताने धरायला जागा शोधत होत्या. वळणावर अंग कुठे कलतं, ब्रेक लागला की डोकं कसं जातं, हे पाहत होत्या. पट्टा एका हाताने लावून पाहिला, सोडून पाहिला, पुन्हा लावला. मग डोळे उघडून म्हणाल्या, "चालेल. आता मी."

आणि त्या चालवू लागल्या. मी मागे मुठी आवळून बसलो होतो. थोड्या वेळाने पाहिलं तर मुठी सुटलेल्या. भीती वाटावी असं काहीच होत नव्हतं. बस अंगावर आली की त्या तिला जाऊ देत. सायकलवाल्याला आरशात शोधून मगच वळत. हॉर्न एकदाच वाजवला, तोही कुत्र्यासाठी. बजबजला शेफालीदींच्या दारात त्यांनी गाडी लावली, खुर्ची दाराशी आणली, ब्रेक लावले. "आगे पीठ, शेफाली. तारपरे पा." आधी पाठ, मग पाय. शेफालीदी खुर्चीवरून सीटवर सरकल्या, उचलावं लागलंच नाही. वहिनींनी दोन्ही पाय हलकेच आत वळवले. टेपने मोजलेली ती उंची... ती अशी कामी आली. सुतपा दार धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शेफालीदींनी काच खाली करायला सांगितली आणि नुसतं तोंड बाहेर काढून वाऱ्यात धरलं.

ती गल्ली अरुंद आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तळं. वळायला जागा नाही, गाडी मागे घेतच बाहेर काढावी लागते. वहिनींनी रिव्हर्स टाकला. समोरच्या पडद्यावर मागचं चित्र उमटलं. थोडं मागे येऊन त्या थांबल्या. सुतपा म्हणाली, "माशिमा, कैमरा है ना, आ जाइए." वहिनी पडद्याकडे बघत मला मराठीत म्हणाल्या, "हिरवं दिसतंय ते मैदान नाही हो. जलपर्णी आहे. तळं कुठे सुरू होतं ते कॅमेऱ्याला कळत नाही." आणि त्या उतरल्या. मागे चालत गेल्या, पायाने काठ चाचपला, चाकांची जागा पाहिली, एक वीट उचलून काठावर खूण म्हणून ठेवली. मग परत येऊन, मान वळवून, खिडकीतून ती वीट बघत गाडी अलगद मागे घेतली. इतकी वर्षं मी अपघातांचे कागद वाचतो आहे. त्यातले निम्मे तरी उतरून न पाहिल्यामुळे झालेले. उतरून पाहणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच माणसाला किल्ली देऊ नका म्हणून मी फोन केला होता.

मग शेफालीदी म्हणाल्या, "गंगा." आम्ही गंगेच्या काठी गेलो. सुतपाला शोरूममधून सारखे फोन. ती म्हणायची, "हाँ सर, जाम है सर, बहुत जाम है." समोर नदी आणि दूरवर एकच बोट. वहिनींनी परतताना तिथेच सांगितलं, हीच गाडी. सुतपाने विचारून सांगितलं की बुकिंग फार आहेत, आता गाडी पुजोनंतरच मिळेल. दोन महिन्यांपूर्वी नोंदवली असती तर मिळाली असती. वहिनी म्हणाल्या, "पहिल्याच ठिकाणी चालवायला दिली असती तर..." आणि वाक्य तसंच सोडून गिअर बदलला. मी मागे बसलो होतो. तोंड बंद ठेवायची अट मी तंतोतंत पाळली.

त्या षष्ठीला वहिनी ट्रेनने बजबजला गेल्या आणि शेफालीदींच्या खिडकीशी बसून राहिल्या. लांबून ढाक, पुजोचा ढोल, ऐकू येत होता म्हणाल्या. गाडी पुजोनंतर आली. हिवाळा, वसंत, उन्हाळा, दर रविवारी दोघी फिरल्या. वहिनींनी शेफालीदींना सांगितलं होतं, पुढच्या पुजोला सगळे ठाकूर दाखवीन. तो पुढचा पुजो आता तोंडावर आला आहे. बेहालात मंडपांचे बांबू उभे राहू लागले आहेत.

परवाच्या रविवारी मी बजबजला गेलो. वहिनींची गाडी घेऊन गेलो होतो. शेफालीदी खिडकीशी होत्या. आम्ही बराच वेळ वहिनींबद्दल बोललो. त्यांनी मला वहिनींच्या वर्गातल्या गोष्टी सांगितल्या, ज्या मला ठाऊक नव्हत्या. मी टेस्ट ड्राइव्हची गोष्ट सांगितली, जी त्यांना ठाऊक होती आणि तरी त्यांनी पहिल्यापासून ऐकली. मग त्या म्हणाल्या, "वो पहला शोरूमवाला. मैं रोज़ उसको गाली देती हूँ. हम दोनों का आखिरी पुजो खा गया. शालिनी को बूढ़ी बोला!" मी ऐकून घेतलं असतं तरी चाललं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं. वहिनींना कळलं होतं का, मला ठाऊक नाही, आणि आता विचारता येणार नाही.

मी खुर्चीवरून उठलो. उभ्याने बोलायचं होतं. बंगालीत बोललो, ते मराठीत असं होतं: "दीदी, त्या माणसाला शिव्या देऊ नका. फोन मी केला होता. वहिनींना गाडीची किल्ली देऊ नका, असं मीच सांगितलं. त्यांना मी विचारायला हवं होतं, आणि भीती वाटत होती तर तोंडावर सांगायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. तुमचा पुजो मी घालवला, आणि वहिनींचाही. त्यांची माफी मागायची माझी वेळ गेली. तुमची मागतो. माझं चुकलं, दीदी. मला माफ करा."